आमची वाटचाल : शंभर ग्रॅमच्या आत

स्कॉटलंडमधल्या डंडीत आपला छापखाना आहे म्हटलं की गावाकडची माणसं लगेच विचारतात, तिकडे आता कागदावर कोण छापतं? मंडळं छापतात. आजूबाजूच्या अँगस, फाइफ, पर्थशायर परगण्यांत कुठेही जा, स्थानिक वारसा जपणारं एक मंडळ सापडतंच. ऑक्टोबर ते एप्रिल महिन्याला एक व्याख्यान, उन्हाळ्यात एखाद्या पिक्टिश (इथल्या प्राचीन पिक्ट लोकांनी कोरलेल्या) शिळेपर्यंत सहल, दोन-तीन पत्रिका आणि एक वार्षिक अंक. वर्गणी दहा-पंधरा पौंड, त्यावर गिफ्ट एड या करपरताव्याचे पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून. त्यातच हॉलचं भाडं, विमा, चहा आणि सभासदांना कळवाकळवी. अशा मंडळांच्या जिवावर आम्ही उभे राहिलो. मेनूकार्डं कुणीही छापतो.

वडिलांचा इचलकरंजीला ट्रेडल होता, पायाने चालवायचं छपाईयंत्र. मी इथे सेकंडहँड रिसोवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर, सुरुवात केली. शाईचे दोन ड्रम, काळा आणि गडद निळा. रिसोला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात: शाई हाताला लागते, फोटो दाणेदार येतो. पण एक मास्टर (मूळ स्टेन्सिल) काढला की तीनशे प्रती चहा गार व्हायच्या आत पडतात. घडीला हाडाची पट्टी, सेंटर पिनला लांब हाताचा स्टेपलर. पट्टी अजून तीच आहे, वडिलांची.

ऑगस्ट २००६ पर्यंत इथलं साधं टपाल वजनावर चालायचं. मग आकारही मोजायला लागले. २४० बाय १६५ मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर, वजन १०० ग्रॅम. यात बसलं तर लेटर, नाही तर लार्ज लेटर आणि जादा दर. त्याच सुमारास अशाच एका मंडळाच्या चिटणीसबाई पहिल्यांदा दुकानात आल्या. निवृत्त शिक्षिका, मंडळाची पत्रिका ए४ आकाराची, तशीच सपाट पाकिटात जायची. मी ती निम्म्या आकाराची, ए५ केली, तिच्या मापाच्या सी५ पाकिटात घातली आणि टपालाच्या मापपट्टीच्या फटीतून सरकवून दाखवली. बाईंनी ती स्वतः परत सरकवून बघितली, मगच ऑर्डर दिली.

बाईंचं हिशोबाचं डोकं मला कुठल्याही अकाउंटंटमध्ये दिसलेलं नाही. सभासदांची कार्डं आडनावाने लावलेली नव्हती, गल्लीप्रमाणे होती. गावातल्या प्रती कुत्रं फिरवायला निघणारे सभासद दारोदार टाकायचे. तिकीट फक्त गावाबाहेरच्यांना. कॅनडा-न्यूझीलंडच्या सभासदांना पीडीएफ. वर्गणीचा फॉर्म वेगळा छापायच्या नाहीत, पत्रिकेच्या शेवटच्या पानावर घ्यायच्या. कारण व्यवसायातल्यांना सांगायला नको: पत्रिकेवर व्हॅट शून्य, भरून द्यायच्या सुट्या फॉर्मवर २० टक्के, आणि लहान मंडळाला तो परत मिळत नाही. ग्राहकाला हे आपण होऊन सांगा. बिल कमी होतं, पण ग्राहक टिकतो.

वार्षिक अंक ६४ पानांचा असायचा. ८० जीएसएमचे (चौरस मीटरला ८० ग्रॅम) सोळा ए४ ताव म्हणजे ८० ग्रॅम, २५० जीएसएमचं कव्हर साडेपंधरा, पाकीट सात. अडीच-तीन ग्रॅम जादा! मी म्हटलं, चार पानं कमी करा. बाई म्हणाल्या, दफनभूमीतल्या शिळांवरचे लेख आहेत त्यात. शिळा पावसाने झिजताहेत, त्या थांबणार नाहीत. मग कव्हर १६० जीएसएमवर आणलं. ९७ ग्रॅम. त्या कव्हराला हात लावून बघितला की मला आजही बरं वाटतं.

आता २०१२. ३० एप्रिलला सेकंड क्लासचं तिकीट ३६ पेन्सचं ५० झालं. मार्चअखेर घोषणा होताच बाईंनी मंडळाच्या शिलकीतून तिकिटं घेऊन ठेवली. त्यावर किंमत छापलेली नसते, दर वाढला तरी चालतात. शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्यात गठ्ठेच्या गठ्ठे. आणि नेमका त्याच वर्षी कार्यकारिणीत एक नवे खजिनदार आले. मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले, बोलायला गोड. त्यांनी दक्षिणेकडचा एक ऑनलाइन छापखाना शोधला. ए४, चौरंगी, १३० जीएसएम ग्लॉस, आणि दर माझ्या दुरंगी ए५पेक्षा कमी! सभेत दोन्ही नमुने शेजारी ठेवले म्हणे. माझा बिचारा दाणेदार फोटो, आणि समोर तो चकचकीत किल्ला. काम गेलं. खजिनदार खजिनदाराशी बोलतो, त्यामुळे पाठोपाठ आणखी तीन मंडळं गेली. कटिंग मशीनचं कर्ज नुकतंच घेतलेलं. तो हिवाळाभर मी आणि सौ. दुकानात कोट घालून बसायचो; हीटर फक्त गिऱ्हाईक आलं की. ती म्हणाली, विकून टाकू या. मशीनची किंमत काढायला माणूसही येऊन गेला, आणि त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहिणार नाही.

कुणी एकाने तरी विचारायचं होतं, पोचवायला किती पडतं? ए४ म्हणजे लार्ज लेटर. ५० ऐवजी ६९ पेन्स. छपाईत प्रतीमागे वाचलेले पैसे टपालात गेले, वर आणखी. शिवाय बाईंच्या डब्यातलं तिकीट त्या पाकिटाला एकटं पुरेना. बाई एक दिवस डबा घेऊनच आल्या. काट्यावर तो चकचकीत अंक ठेवायला लावला, फटीत घालायला लावला, आणि आकडे वहीत उतरवून घेतले. पुढच्या सभेत त्यांनी ती वही वाचली. माझी एकही बाजू मांडली नाही, फक्त बेरीज. वसंतातला अंक आमच्याकडे आला. खजिनदारांनी मात्र अवाक्षर काढलं नाही. अजून बाजारात दिसले की मी रस्ता ओलांडतो. सौ. म्हणते सोडून द्या. नाही सोडत.

मधली वर्षं काम होतं, झालं. २०१८ला डेटा संरक्षणाचा नवा कायदा आला तेव्हा संमतीचे फॉर्म छापले.

२०२०मध्ये अर्ब्रोथच्या घोषणेला सातशे वर्षं होत होती. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी पोपला लिहिलेलं ते पत्र, तारीख ६ एप्रिल १३२०. विशेषांक छापून तयार, आणि २३ मार्चला लॉकडाउन. उत्सव लांबणीवर, व्याख्यान रद्द. तेव्हा गठ्ठे घरी आणले, स्वयंपाकघरात पाकिटं भरली. मंडळाच्या पुढच्या सभा झूमवर. फुकटच्या चाळीस मिनिटांत बसवायच्या म्हणून विषयपत्रिका आम्ही अर्ध्या पानाची केली. पण घरात एकटे पडलेले सभासद वाट बघायचे ती टपालाचीच, हे बाईंनी मला फोनवर सांगितलं.

जुलै २०२३नंतर बारकोड नसलेली रोजच्या वापराची तिकिटं बाद झाली. डब्यात अजून उरली होती. बाईंनी ती मोजून, फॉर्म भरून, नव्याशी बदलून घेतली. एप्रिल २०२५ला सेकंड क्लास ८७ पेन्स झालं, तेव्हा बाई ३६ पेन्सला घेतलेल्या तिकिटांच्या बदल्यात मिळालेल्या त्या तिकिटांवर अंक पाठवत होत्या.

त्या ऑनलाइन छापखान्याचं जाहिरातपत्रक अजून दर सप्टेंबरला आमच्या दुकानात येतं. जाड ग्लॉस, ए४, न दुमडता, लार्ज लेटरचा दर भरून.