नकलेच्या मागचा शिक्का

दिवाणी अपिलाचे कागद घेऊन पक्षकार सकाळी ऑफिसात आले. ‘एक सप्टेंबरपर्यंत वेळ आहे’ असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. वकिलांकडे कारकून असल्याने माझा हात आधी निकालाच्या नकलेच्या, म्हणजे कोर्टाने दिलेल्या प्रमाणित प्रतीच्या, शेवटच्या पानाकडे जातो. तिथल्या शिक्क्यावर तारखा होत्या: अर्ज 10 जुलै, नक्कल तयार 25 जुलै, दिली 8 ऑगस्ट. निकाल 3 जुलैचा.

जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला 30 दिवस. निकालाचा दिवस सोडून मोजलं की 2 ऑगस्ट. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नकलेचा वेळ वजा मिळतो, पण नक्कल तयार झाली त्या दिवसापर्यंतच; इथे 16 दिवस. तयार नक्कल पडून राहिली तो काळ पक्षकाराच्या अंगावर. म्हणजे मुदत 18 ऑगस्टची, आणि पक्षकार आले तो दिवस 18 ऑगस्टच होता. नक्कल हातात पडेपर्यंतचे दिवस धरले की 1 सप्टेंबर येतं. ही गफलत सर्रास होते.

मुदत हुकली तर विलंब माफीचा अर्ज आला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 41 नियम 3अ प्रमाणे अपील ऐकायचं हे ठरेपर्यंत स्टेही (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती) मिळत नाही, आणि इथे तर समोरच्याने ताब्याची दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणायचा अर्ज, लावलेली.

वकीलसाहेब अपिलाचा मेमो सांगू लागले, मी वकालतनामा काढला आणि तिथेच अडलं. हुकूमनामा दोन भावांवर; आलेले पक्षकार थोरले, धाकटे परगावी, त्यामुळे त्यांची सही नव्हती. साहेब म्हणाले, ‘थोरल्यांना अपिलंट करा, धाकट्यांना रिस्पॉन्डंट.’ म्हणजे थोरले अपील करणारे, धाकटे समोरच्या बाजूला. बचाव दोघांचा एकच असला की त्याच ऑर्डरच्या नियम 4 प्रमाणे एकट्यालाही पूर्ण हुकूमनाम्यावर अपील करता येतं. ‘भावाविरुद्ध?’ थोरले दचकले. धाकट्यांकडून काहीच मागायचं नाही, त्यांचं नाव रेकॉर्डवर असावं एवढ्यासाठी ते घालतो, हे नीट पटल्यावरच मी सही घेतली. घाई असली तरी न समजता केलेली सही मला चालत नाही.

स्टे अर्जाच्या शपथपत्राला रांग लागते, म्हणून थोरल्यांना आधी तिकडे पाठवलं. तोवर मेमो, मूळ नक्कल, पत्ता मेमो (पक्षकाराच्या पत्त्याचा कागद), कोर्ट फी लावून पानांवर नंबर घातले.

फायलिंगच्या टेबलावर हरकत निघाली: पत्ता मेमोत पिनकोड नाही. मी विनंती केली, ‘रावसाहेब, आज दाखल करून घ्या, हरकत फायलीवर लिहा.’ 18 ऑगस्टचा शिक्का बसला. पिनकोड दुसऱ्या दिवशी भरला.