तुम्ही विचारलंत म्हणून : रडार बंद केलं तर?

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या गच्चीत उभं राहिलं की महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उडालेली मिराज लढाऊ विमानं डोक्यावरून जातात. 26 फेब्रुवारी 2019 ला बालाकोटला गेलेली मिराज इथूनच उडाली होती, तेव्हापासून आमच्या मराठी घरांत लढाऊ विमानांच्या गप्पा आणखी वाढल्या आहेत. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, म्हणून लग्नाच्या पंगतीत असो की गणपतीच्या मांडवात, एक प्रश्न मला हमखास येतो: "मॅडम, रडार फोडणारं क्षेपणास्त्र रडारच्याच लहरींच्या मागावर जातं ना? मग समोरच्यानं रडार बंदच केलं, तर ते वाया गेलं की नाही?"

वाया जात नाही. पुष्कळदा त्याचं काम नेमकं तिथेच होतं.

रडार लहरी सोडतं, त्या विमानावर आपटून परत येतात आणि मग विमान दिसतं. म्हणजे लहरींचा प्रवास जाऊन-येऊन. अंतर दुप्पट झालं तर विमानापर्यंत पोचणारी ताकद चौथ्या हिश्श्यावर येते, पण परत आलेला प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर. म्हणून रडारला विमान दिसण्याच्या बरंच आधी विमानाला रडारची चाहूल लागू शकते. ही गोष्ट फळ्यावर मांडली की मुलं एकदम गप्प होतात, आणि मलाही ती दरवर्षी नव्यानं आवडते.

दिशा कशी कळते, हे दाखवायला मी एक जुना ट्रान्झिस्टर वर्गात नेते. मीडियम वेव्हवर स्टेशन लावायचं आणि ट्रान्झिस्टर हातात आडवा धरून हळूहळू फिरवायचा. एका कोनात आवाज अगदी बसतो, कारण आतल्या फेराइटच्या कांडीचं टोक त्या वेळी स्टेशनकडे असतं. क्षेपणास्त्राच्या नाकात कांडी नसते, लहान अँटेना असतात. प्रत्येकीवर आलेला सिग्नल ताडून पाहत ते रडारकडे वळत राहतं.

आता बंद करण्याबद्दल. व्हिएतनाममध्ये 1965 पासून अमेरिकन विमानांनी 'श्राइक' हे रडार फोडणारं क्षेपणास्त्र वापरलं. त्याला स्मरणशक्ती नव्हती, रडार थांबलं की ते भरकटायचं, आणि उत्तर व्हिएतनामी चालकांनी हे लवकर ओळखलं. पण त्यांच्याकडची सोव्हिएत एस-75 क्षेपणास्त्रं जमिनीवरच्या रडारच्या जोरावरच विमानापर्यंत पोचायची. रडार बंद केलं की हवेत असलेलं त्यांचं स्वतःचं क्षेपणास्त्रही पोरकं व्हायचं. तेवढ्या वेळात बॉम्बफेकी विमानं काम उरकून निघून जायची. रडार शाबूत राहिलं आणि तरीही हल्ला झालाच, असा तो हिशोब आहे.

पुढे अमेरिकेचंच 'हार्म' आलं. ते रडार शेवटचं कुठे होतं ते लक्षात ठेवून त्या जागेकडे जातं. ब्रिटिशांच्या 'अलार्म'ची युक्ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. रडार बंद झालं तर ते उंचावर पॅराशूट उघडून लटकत राहायचं आणि रडार पुन्हा सुरू होताच खाली झेपावायचं. 1991 च्या आखाती युद्धात ते वापरलं गेलं.

याची दुसरी बाजू 1999 मध्ये सर्बियात दिसली. 78 दिवसांच्या हवाई हल्ल्यांत नाटोनं सातशेहून जास्त हार्म डागली, पण सर्बियाची बरीच फिरती रडारं शेवटपर्यंत टिकली. सर्बियाचे अधिकारी झोल्तान दानी यांच्या क्षेपणास्त्र तुकडीनं रडार काही सेकंदच लावायचं, मग बंद करून जागा बदलायची, ही शिस्त कडक पाळली आणि 27 मार्चला रडारला सहज न दिसणारं अमेरिकेचं एफ-117 विमान पाडलं. मात्र त्या सगळ्या युद्धात जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांनी नाटोची वैमानिक असलेली विमानं पाडली ती दोनच. फुटलेली रडारं मोजली तर हार्म फसलं म्हणावं लागेल. पण परत आलेली विमानं मोजायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. दानींच्या लोकांची शिस्त असामान्यच होती. पण रडार काही सेकंदांपुरतंच लावायचं ठरलं की आकाशावर नजर किती ठेवता येणार?

आपलं 'रुद्रम-1' याच जातीचं. डीआरडीओनं 9 ऑक्टोबर 2020 ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळ सुखोई-30 वरून त्याची चाचणी घेतली. वेगवेगळी रडारं वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर चालतात, म्हणून त्याचं नाक रुंद पट्ट्यात ऐकू शकेल असं बनवलं आहे.

एवढं सांगून झालं की पंगतीतलं कुणीतरी हुशार पोर पुढचं विचारतंच, "आणि रडार बंद करून ट्रकच हलवला तर?" तर नुसती जागा लक्षात ठेवून भागत नाही. म्हणूनच हार्मच्या नव्या पिढीला, एजीएम-88ई ला, नाकात मिलिमीटर लहरींचं छोटं रडार दिलं आहे. शेवटच्या टप्प्यात ते स्वतः लहरी सोडून ट्रक शोधतं, मग तो गप्प उभा असला तरी.