थांबण्याचा सराव: पहिल्या २०० किलोमीटरच्या सायकल राइडच्या तयारीची नोंद

रत्नागिरीहून जयगडची राइड करून आले, सायकल पडवीत टेकवली आणि आधी वही उघडली. अंतर ९० किलोमीटर. चाकं फिरत होती तो वेळ ५ तास ५ मिनिटं, म्हणजे ताशी पावणेअठराच्या आसपास. आरे-वारेचे चढ आणि जाताना-येताना लागणाऱ्या सगळ्या घाट्या धरून हा वेग मला चांगला वाटला. मग घरातून निघाल्याची आणि परत आल्याची वेळ लिहिली. मधले ७ तास २० मिनिटं गेले होते. बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या, हिशोबाने ९० किलोमीटरला ६ तास मिळतात. ही खरी राइड असती तर मी एक तास वीस मिनिटं उशिरा पोचले असते, तेही पाय अजिबात न दुखता.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बीआरएमचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे आहेत, आपल्याकडे त्याचं काम ऑडॅक्स इंडिया बघते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एका हंगामात हे चारही टप्पे पूर्ण झाले की 'एसआर', म्हणजे सुपर रँदोनर. कोण पहिला आला याला इथे काडीची किंमत नाही. ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, वेळेत पोचायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, पुढे निघायचं. खाणं, पाणी, पंक्चर, दिवे सगळं आपलं आपण. आणि तुम्ही मिसळ खा, फोटो काढा नाहीतर झाडाखाली पडा, घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही.

जयगडला माझे १३५ मिनिटं नेमके कुठे गेले ते त्याच संध्याकाळी आठवून आठवून मांडलं. गणपतीपुळ्यात नाश्ता ४८ मिनिटं. जयगडला दीपगृहापाशी ३५. मालगुंडला शहाळं १५. चढावर दम घ्यायला सात वेळा मिळून २२. उरलेले १५ फोन, जॅकेट, बाटली यात. ही यादी बघितली आणि पुढच्या दीड महिन्याचा सराव बदलून टाकला. तोवर मी दर आठवड्याला फक्त किलोमीटर वाढवत होते.

ऑक्टोबर अखेर: चढावरचे २२ मिनिटं

किनाऱ्याच्या रस्त्याचं गणित देशावरच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. नकाशात रस्ता समुद्राला लागून दिसतो, म्हणून तो सपाट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला रस्ता पार पाण्यापर्यंत उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढतो. भाट्याचा पूल झाला की चढ. पावसच्या पुढे पूर्णगडला मुचकुंदीवर उतरलात की गावखडीकडून पुन्हा चढ. एकही घाट नाव घेण्याएवढा मोठा नाही, पण दिवसभरात त्यांची बेरीज होते आणि मधे कुठेही पायाला सलग विसावा नसतो.

आमच्याबरोबर येणारे एक काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. या सगळ्या घाट्या त्यांच्या हाताला पाठ आहेत. गोळपच्या चढावर मी तिसऱ्यांदा पाय टेकला तेव्हा ते मागून आले आणि म्हणाले, "बाई, चढ दिसला की गिअर टाकायचा. चढ लागल्यावर टाकलात तर गाडी आधीच मेलेली असते." तेवढं बोलून ते न थांबता पुढे गेले.

माझी सायकल साधी हायब्रिड आहे, पुढे तीन चेनरिंग (साखळीची दातेरी चाकं): ४८, ३८ आणि २८ दातांची. मी सगळं आयुष्य मधल्या ३८ वर काढलं होतं. काकांनी सांगितल्यापासून वळणावरून चढ दिसताक्षणी, पाय अजून हलके असतानाच, पुढे २८ वर येते आणि मागे जसं लागेल तसं ३२ पर्यंत जाते. २८-३२ ला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.९ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ७ च्या खाली. शेजारून चालणारा माणूसही फार मागे पडत नाही. पण श्वास लागत नाही, बोलता येतं, आणि मुख्य म्हणजे माथ्यावर थांबावं लागत नाही. उशिरा गिअर टाकला की साखळीवर सगळा भार असतो, ती खडखडते, कधी उतरतेही, आणि मग हात काळे करत आणखी चार मिनिटं जातात.

नोव्हेंबर, पहिला रविवार: आडिवरे

भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे आणि त्याच वाटेने परत. घरापासून घरापर्यंत ७६ किलोमीटर. चालवण्याचा वेळ ४ तास २५ मिनिटं, थांबे ३८ मिनिटं. एकूण ५ तास ३ मिनिटं. ताशी १५ ने मर्यादा येते ५ तास ४ मिनिटं. एक मिनिट आधी! भाट्याच्या पुलावर घड्याळ बघितलं तेव्हा पोटात गोळा आला होता, पण पोचले.

वेग जयगडपेक्षा कमीच पडला, ताशी सव्वासतरा. त्याचं कारण वारा. भूगोलाच्या पुस्तकात मी दरवर्षी शिकवते ते मतलई आणि खारे वारे इथे अंगावर घेता येतात. पहाटे जमीन थंड असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो, जाणवतही नाही. ऊन चढून जमीन तापली की समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारी तो आपल्याकडे वायव्येकडून येतो. आडिवऱ्याहून परतताना आपलं तोंड उत्तरेला, म्हणजे तो थेट समोरून. कशेळीच्या सड्यावर आडोशाला एक झाड नाही, सगळीकडे जांभा आणि सुकलेलं गवत. तिथे उतारावरसुद्धा पायडल मारावं लागलं. तेव्हापासून सरावाला शक्यतो सकाळी उत्तरेला जाते आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन येते. प्रत्यक्ष राइडचा मार्ग आपल्या हातात नसतो, म्हणून महिन्यातून एकदा उलटंही करते, मुद्दाम.

खाणं

नाश्त्याचे ४८ मिनिटं वाचवायला खाणं खिशात आणि हँडलवरच्या पिशवीत आलं. पहाटे साडेतीनला उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि थोडं तूप घालून. पोटाला जड नाही आणि दोन तास भूक लागत नाही. रस्त्यात दर ४० मिनिटांनी काहीतरी तोंडात: आंब्याच्या साठाच्या बोटभर पट्ट्या, शेंगदाण्याची चिक्की, केळं. फणसपोळीही नेऊन बघितली, ती चालताचालता चावायला चिवट पडते.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. जर्सी वाळली की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात. नुसतं पाणी पीत राहिले तेव्हा साठ किलोमीटरनंतर डोकं जड झालं आणि पोटरीत गोळे आले. आता दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी आणि एकीत कोकमाचं आगळ, साखर, पाणी. आगळ मुळातच मिठातलं असतं, त्यामुळे वरून चिमूटभरच मीठ लागतं. ७५० मिलीला दोन मोठे चमचे आगळ मला मानवतं. चार घातले होते तेव्हा पावसपर्यंत छातीत जळजळ झाली.

नोव्हेंबर, तिसरा रविवार: आंबा घाट

साळवी स्टॉपहून पहाटे साडेचारला निघालो. हातखंबा, पाली, साखरपा आणि वर आंबा घाट चढून परत. १२८ किलोमीटर. चालवण्याचा वेळ ७ तास १० मिनिटं, थांबे ६२ मिनिटं, एकूण ८ तास १२ मिनिटं. मर्यादेच्या २० मिनिटं आधी. घाटात एकदाही पाय टेकला नाही. साखरप्यानंतर रस्ता झाडीत शिरतो, हवा गार होते आणि चढ लांबलचक पण एकसारखा आहे. किनाऱ्याच्या खाली-वर करणाऱ्या घाट्यांपेक्षा मला तो सोपा गेला. एकदा लय सापडली की ती मोडत नाही.

त्या ६२ मिनिटांतले ३१ एका पंक्चरने खाल्ले. परतीच्या वाटेवर पालीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा बसलं. पहिल्या वेळी घाईत टायर आतून तपासलाच नव्हता. दुसऱ्यांदा काकांनी टायर माझ्या हातात देऊन आतून रुमाल फिरवायला सांगितला. रुमालाचा धागा एका जागी अडकला. बघते तर केसाएवढी बारीक पोलादी तार, टोक आतल्या बाजूला अर्धा मिलिमीटरसुद्धा नव्हतं. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या अशा तारा महामार्गाच्या कडेला पसरतात आणि आपण नेमके त्याच कडेने जातो. बोटांनी ती निघेना, शेवटी नेलकटरने पकडून ओढली. तेव्हापासून नेलकटर आणि सुती रुमालाचा तुकडा टूलकिटमध्ये कायम.

घरी आल्यावर मागचं चाक काढणं, टायर तपासणं, ट्यूब घालणं, हवा भरणं याचा आठवडाभर रोज रात्री सराव केला. शेवटचे दोन दिवस पडवीतला दिवा बंद करून, फक्त हेडलॅम्पवर. १४ मिनिटांवर आले आहे. रात्रीच्या ३०० ला हे उपयोगी पडेल.

साखळी

पावसाळ्यानंतर साखळी मोजली. पद्धत सोपी आहे: स्टीलची बारा इंची पट्टी घ्या, शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नवी साखळी असेल तर चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर येते. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर साखळी बदलायची, नाहीतर ती मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, खाते. माझी तेवढी पुढे गेली होती, एकाच पावसाळ्यात. खारी हवा आणि जांभ्याची लाल धूळ, दोन्ही एकत्र आले की तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. आईने खोबरेल लावायला सांगितलं होतं, घरी शिवणयंत्राला तेच लावतात. पण ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. आता प्रत्येक राइडनंतर फडक्याने कोरडी पुसते, चेन ल्यूबचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर, दहा मिनिटं मुरू देते आणि वरचं जास्तीचं पुन्हा पुसते. सीटपोस्टही (सीटखालची दांडी) महिन्यातून एकदा बाहेर काढून ग्रीस लावते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे कराच. आमच्यातल्या एकाची सीटपोस्ट फ्रेममध्ये अशी गंजून बसली की करवतीने कापावी लागली.

बायकांच्या थांब्यांबद्दल

हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आमच्यासाठी थांबा म्हणजे चहा-पाणी एवढंच नसतं. स्वच्छतागृह कुठे आहे, पहाटे पाचला ते उघडं असतं का, किल्ली कोणाकडे असते, हे आधी माहीत नसेल तर बाई पाणी पिणं टाळते, आणि दमट हवेत पाणी टाळणं म्हणजे दुपारी आडवं होणं. मी स्वतः हे केलंय. आता सरावाच्या प्रत्येक मार्गावरचे पेट्रोलपंप आणि एसटी स्टँड वहीत वेळेसकट लिहून ठेवते. एका पंपावर किल्ली मिळायला ९ मिनिटं लागली, त्यापुढे फुली. ज्या मैत्रिणी २०० चा विचार करताहेत त्यांनी ही यादी मागून घ्या, आणि तुमच्या भागातली मला द्या.

पुढचं

डिसेंबरातल्या २०० चा हिशोब असा. साडेतेरा तास म्हणजे ८१० मिनिटं. ताशी साडेसतराने चालवण्यात ६८६ जातील. उरतात १२४. चार कंट्रोल, प्रत्येकी १२ मिनिटं, झाले ४८. पंक्चरला ३० राखून. उरलेल्या ४६ मधे स्वच्छतागृह, वारा आणि अचानक काही. प्रत्येक कंट्रोलची बंद होण्याची वेळ एका कागदाच्या पट्टीवर लिहून ती हँडलच्या मधोमध पारदर्शक चिकटपट्टीने लावणार आहे. फोन बघायला थांबायचं नाही.

त्याआधी एक १६० ची राइड राहिली आहे. येत्या शनिवारी रात्री दहाला मारुती मंदिराहून निघणार, काका आणि मी धरून पाच जण. पुढचे-मागचे दिवे सायकलला पक्के बांधलेले, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेट यांशिवाय कुणाला घेणार नाही. माझा पुढचा दिवा पूर्ण उजेडावर तीन तासांत संपतो. चढावर मंद आणि उतारावर पूर्ण असा वापरला तर किती पुरतो ते शनिवारी कळेल. ३०० साठी डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरताना दिव्याला वीज देणारा चाकाचा तुंबा, घ्यायचा विचार आहे. इथल्या खाऱ्या हवेत कुणी तो दोन पावसाळे वापरला असेल, तर बेअरिंगची अवस्था काय झाली ते जरूर कळवा.