गच्चीवरचं हायड्रोपोनिक्स, महिना बारावा: सगळी भानगड पाण्याचीच निघाली

उन्हाळ्यात काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं जिवंत काही उरलंच नव्हतं. मे महिन्यात २४ पैकी २४ लेट्यूस गेले. आता थंडी लागून राहिली, नवी लावणी झाली, म्हणून जुना हिशोब आधी मांडतो.

सेटअप तोच आहे, हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, खताच्या पाण्यात झाडं. नागपुरातल्या मनीषनगरची गच्ची, ३ इंची पीव्हीसी पाइपच्या दोन लाइनी, प्रत्येकीला १२ भोकं, खाली ४० लिटरचा निळा ड्रम आणि १८ वॉटचा कूलरचा पंप, सीताबर्डीत कुठेही मिळतो तो. बाजूला बिनापंपाचे तीन टब, त्यांच्यावर नंतर येतो.

गच्चीवर जो येतो तो पहिलं हेच म्हणतो, "याले पाणी किती लागत असन बाप्पा!" अरे उलट आहे, तेच पाणी फिरत राहतं, झाड पितं आणि थोडं उडून जातं तेवढंच भरायचं. मागच्या हिवाळ्यात २४ झाडांना मी दिवसाला दीड-दोन लिटर टाकत होतो. पण पाणी कमी लागतं म्हणजे कोणतंही पाणी चालतं असं नाही, आणि इथेच मी पहिली माती खाल्ली (माती नसलेल्या शेतीत). शेजारचे काका म्हणाले कूलरचं पाणी टाकत जा ना, वाया कायले घालवतं, मलाही पटलं, एप्रिलमध्ये तीन बादल्या ओतल्या. नंतर सहज मीटर बुडवला तर नळाचं पाणी १९०, आमच्या बोअरचं ७८० आणि कूलरच्या टाकीतलं २३०० टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार)! साधी गोष्ट आहे, पाणी उडतं, क्षार मागेच राहतो, कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो तोच.

आणि डोकं खाजवायला लावणारी गोष्ट म्हणजे ड्रममध्येही नेमकं तेच चाललं होतं. उन्हात झाड खतापेक्षा पाणी भराभर ओढतं, म्हणजे पातळी खाली आणि उरलेलं पाणी दाट. मी काय करायचो, पातळी उतरली की परत खताचं पाणी ओतायचो, कारण माझ्या डोक्यात "संपलं म्हणजे खत संपलं" असंच होतं. लेट्यूसला ईसी (पाण्यातून वीज किती वाहते, त्यावरून खत किती दाट ते कळतं) साधारण ०.८ ते १.२ हवा, माझा एकदा २.९ निघाला. पानांच्या कडा जळाल्या, मी म्हटलं उपाशी आहे, अजून खत. आता उन्हाळ्यात नुसतं नळाचं पाणी भरतो, ईसी पाहून मगच खत, आणि दर दोन आठवड्यांनी ड्रम रिकामा करून नवीन. जुनं पाणी आईच्या कुंड्यांना, पण पातळ करूनच. एक लक्षात ठेवा, दुसऱ्याचा पीपीएम (टीडीएसचं माप) आकडा डोळे मिटून घेऊ नका, कोणाचा मीटर ईसीला ५०० ने गुणतो, कोणाचा ७०० ने, एकच पाणी दोन आकडे दाखवतं.

तरी शेवटचा घाव खताने नाही, उष्णतेने घातला. बाहेर ४५, दुपारी चारला ड्रममध्ये हात घातला तर आंघोळीचं पाणी, ३६ डिग्री. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसातच, आणि कुजवणाऱ्या बुरशीला तीच ऊब आवडते. नेट पॉट (भोकात बसणारी जाळीची कुंडी) उचललं तर पांढऱ्या मुळांच्या जागी तपकिरी लोंबतं शेवाळ, हाताला बुळबुळीत, वास नालीचा. मग बाबांनी माठाची आठवण करून दिली, ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं, वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, दुपारचं पाणी २९ वर आलं. पण तोवर झाडं गेली होती. आणि पावसाळ्यात हे पोतं काही कामाचं नाही, हवाच दमट.

खताचंही सांगतो. कृषी केंद्रात हायड्रोपोनिक्स म्हटलं की १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) पुडी हातात देतात, पाण्यात विरघळतं म्हणून. विरघळतं खरं, पण त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही आणि नायट्रोजन बराचसा युरियाचा, जो मातीतले जीवाणू फोडून देतात, पाइपात ती फौज कुठे. मग मी शहाणपणा करून कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच बाटलीत दाट कालवलं, दहा मिनिटांत नासलेल्या दुधासारखे पांढरे गोळे तळाला. जिप्समच की ते! दोन बाटल्या वेगळ्या ठेवायच्या आणि भरलेल्या ड्रममध्ये एकेक टाकायची, विकतच्या खताच्या बाटल्यांवर ते ए आणि बी लेबल उगाच नसतं.

लिंबू पिळून पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप) उतरवणाऱ्यांनो, दोन दिवसांनी परत मोजा. जीवाणू सायट्रिक ॲसिड खाऊन टाकतात, पीएच होता तिथे. मी फॉस्फोरिक ॲसिडवर आलो, हातमोजे घालून, ५.८ ते ६.२ ला ठेवतो.

माती नाही म्हणजे कीड नाही, हे तर माव्याला कोणी सांगितलंच नाही. जानेवारीत पालकाच्या पानामागे अख्खी वसाहत. कडुनिंबाचं तेल, संध्याकाळी, बस.

काकू म्हणतात केमिकलचा भाजीपाला. शेणखतातला नायट्रोजनही झाडाच्या मुळात बहुतेक नायट्रेट होऊनच जातो काकू, म्हटलं. पटलं नाही त्यांना, पण लेट्यूस नेतात. उलट्या बाजूचे लोक तिप्पट उत्पन्न येतं म्हणून नाचतात, त्यांच्यासाठी इतकंच की १९३८ मध्येच कॅलिफोर्नियात होगलंड आणि अर्नन या शास्त्रज्ञांनी चांगल्या मातीशी तुलना करून असा काही चमत्कार नसल्याचं लिहून ठेवलंय. त्यांच्याच नावाचं खताचं द्रावण आज आपण वापरून राहिलो.

आता ते टब. माझा समज होता पंपवालं म्हणजे पुढचं, टबवालं शिकाऊ लोकांचं. मे मध्ये एक दिवस दीड तास लाइट गेली, पाइपातली मुळं लोंबकळत सुकली, टबातल्या पुदिन्याला पत्ताच नाही. त्यात मुळांचा वरचा भाग हवेत असतो, पाणी उतरत जातं तशी ती पोकळी वाढते, म्हणून काठोकाठ परत भरायचं नाही. मी एकदा भरला होता, पुदिना आठवड्यात पिवळा.

सध्या पहिल्या लाइनीत लेट्यूस, दुसरीत पालक, टबांत सांभार (कोथिंबीर). धणे दोन फाका करून रात्रभर भिजवून स्पंजात टाकले, दहाव्या दिवशी कोंब. ड्रमचं पाणी सकाळी २१, ईसी १.१. पालकाच्या तिसऱ्या भोकातलं रोप कोवळ्या पानांत पिवळं, शिरा हिरव्या, म्हणजे लोह, तरी बाकी सगळे ठीक कसे ते कळेना, उद्या नेट पॉट उपसून पाहतो. बाबा रोज विचारतात सांभारवडी कधी, त्यांना म्हटलं अजून तीन आठवडे धरा.