जमिनीच्या क्रमाने राजस्थान: निसर्ग-नोंदवहीची या हंगामातील प्रगती

राजस्थानातील वनस्पती आणि प्राणी यांच्या माझ्या नोंदवहीची मांडणी या हंगामापासून प्रजातींच्या यादीऐवजी जमिनीच्या प्रकारांवर केली आहे. सरकती वाळू, कठीण मुरमाड माळ, अरवलीचा उतार, खारट तळ आणि गोडे पाणी असे पाच विभाग ठरवले असून प्रत्येक नोंदीत प्राण्याच्या वा झाडाच्या नावाआधी पायाखाली काय होते हे लिहायचे, एवढाच त्याचा नियम आहे. पश्चिमेला जैसलमेरच्या बाजूस वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि अबूच्या डोंगरावर तो दीड हजार मिलिमीटरच्या आसपास जातो, ही तफावत सर्वांना ठाऊक असते. परंतु एकाच तालुक्यात, एकाच पावसावर, अर्ध्या मैलाच्या अंतराने संपूर्ण वेगळी जीवसृष्टी का दिसते, याचे उत्तर पावसाच्या आकड्यात सापडत नाही, ते जमिनीत सापडते.

वाळूचे पान सर्वांत अधिक भरले आहे. टेकडीवर पडलेले पाणी वाहून न जाता मुरते, आणि वरचा थर लवकर कोरडा पडल्यामुळे खालच्या ओलाव्याचे बाष्पीभवन बऱ्याच अंशी थांबते. म्हणून दिसायला सर्वांत रुक्ष असलेली वाळूची टेकडी खोल मुळांच्या झुडपांना शेजारच्या घट्ट जमिनीपेक्षा अधिक काळ पाणी पुरवते. फोग हे त्याचे ठळक उदाहरण होय. याची पाने नाममात्र असतात आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या काड्या करतात. वाळू मुळांशी साचत जाते तसे झुडूप वर सरकत राहते. सेवण गवताचे ठोंबही याच पानावर आहेत. जळणासाठी आणि कोळशासाठी फोगाची मुळे खणली गेली की टेकडी पुन्हा सरकू लागते, म्हणून प्रत्येक थांब्यावर फोग उभा आहे की खणलेला आहे, अशी वेगळी खूण मी आता करतो.

वाळूवरील प्राण्यांचे काम सकाळी ऊन तिरपे असतानाच होते, कारण त्या वेळी प्रत्येक ठशाला सावली असते; दहानंतर तोच उतार कोरा दिसतो. भुंगेरे, जर्बिल उंदीर, वाळवंटी कोल्हा यांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या असतात आणि कोणती रेघ वर आहे हे पाहून रात्रीचा क्रम लावता येतो. सर्वांत वेगळी खूण सँडफिश या सापसुरळीची असते. तिचे पाय अगदी खुजे असून ती पृष्ठभागाच्या जरा खालून नागमोडी सरकते, त्यामुळे वाळूवर पाऊलखुणा न उमटता एक वळणदार उंचवटा उमटतो. टोड-हेडेड अगामा या बसक्या तोंडाच्या छोट्या सरड्याची नोंद मात्र ठशांवरून होत नाही. जैसलमेरच्या सरकत्या टेकड्या आणि सीमेपलीकडचा लगतचा भाग एवढेच त्याचे घर. १९७८ मध्ये लोंगेवाला येथील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. धोका जाणवला की तो अंग थरथरवून जागच्या जागी वाळूत बुडतो, आणि मग दोन हातांवर उभे राहूनही तो दिसत नाही. त्याच्या मागे वाळू उकरत जाऊ नये, ही विनंती येथे आवर्जून करतो. छायाचित्र न मिळाले तरी नोंद पूर्ण असते.

कठीण माळाच्या पानावर वनस्पती थोड्या आणि ठेंगण्या आहेत, कारण येथे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. मोकळी नजर आणि घट्ट भुई ज्यांना हवी त्यांचा हा मुलूख: चंडोल, धाविक, पखुर्डी आणि हिवाळ्यात येणारा रणगोजा हे पक्षी. सांडा या शाकाहारी सरड्याची बिळे नेमकी याच जमिनीत असतात, कारण सरकत्या वाळूत तिरपे खोल बीळ टिकत नाही. आत गेल्यावर तो बिळाचे तोंड मातीने बुजवतो, त्यामुळे वस्ती मोजताना उघडी आणि बुजवलेली अशी दोन्ही बिळे वेगळी लिहावी लागतात. थंडीत तो आतच राहतो आणि तेव्हा केवळ उघडी बिळे मोजली तर आकडा भलताच कमी येतो. शिकारी पक्ष्यांचे आणि कोल्ह्यांचे हे महत्त्वाचे खाद्य असल्याने सांड्याची वस्ती जिथे दाट, तिथे वर आकाशाकडेही पाहत राहावे.

माळढोकाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यामुळे हा पक्षी आपल्याला परका नाही. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि १९८१ पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आसपासचे गवताळ माळ हा त्याचा अखेरचा मोठा आधार आहे. मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडे घालते, त्यामुळे एका अंड्याचा नाश म्हणजे त्या विणीचा नाश. त्यात या पक्ष्याची समोरची नजर अरुंद आणि शरीर जड असल्याने वाटेतल्या वीजवाहिन्या त्याला वेळेत दिसत नाहीत आणि दिसल्या तरी वळणे जमत नाही. २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचा प्रकल्प सुरू आहे आणि त्यातून पिल्ले वाढवली जात आहेत, परंतु ती सोडण्यासाठी तारा नसलेला माळ लागेल, हे उघड आहे. म्हणून या पानावर मी क्षितिजावर दिसणाऱ्या वीजतारांचा एक रकाना जोडला आहे. माळढोकाची जागा मात्र नोंदवहीत मोघमच ठेवतो आणि कोणाला सांगत नाही.

खेजडी कोणत्या पानावर लिहावी, हा प्रश्न काही काळ रेंगाळला. आपली शमी तीच. वाळूमिश्रित सपाटीवर, शेतांच्या मधोमध आणि कठीण जमिनीच्या कडेलाही ती उभी असते, ऐन उन्हाळ्यात तिला नवी पालवी फुटते आणि तिच्या सावलीत बाजरी बरी येते, म्हणून शेतकरी तिला तोडत नाहीत, केवळ छाटतात. अशा दोन-दोन जमिनींवर नांदणाऱ्यांसाठी वहीच्या शेवटी जोडपान केले असून खेजडी, केर, रोहिडा आणि पिलू तिथे गेले. रोहिड्याची पिवळी, नारिंगी आणि लाल फुले वेगवेगळ्या झाडांवर दिसतात, तेव्हा रंगानुसार नोंद करण्याचा सराव चालू आहे. विलायती बाभळीला मात्र जोडपानही पुरले नाही. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला राजवृक्षाचा मान दिला होता. आज सरकत्या वाळूचे माथे आणि खोल पाणी एवढे सोडले तर ती मला प्रत्येक पानावर लिहावी लागली.

अरवलीच्या पानाचे काम धीम्या गतीने चालले आहे. ही रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, म्हणजे अरबी समुद्रावरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांना जवळपास समांतर पसरली असल्याने त्यांना अडवत नाही. अबूला मात्र उंचीचा लाभ मिळतो, गुरुशिखर १,७२२ मीटर उंच आहे. उतारांवर धोक या झाडाचे राज्य असून चराई फार झाली की तेच झाड जमिनीलगत पसरलेल्या झुडपाचे रूप घेते, त्यामुळे धोकाची उंची हीच मी चराईची पट्टी मानतो. त्याहून कोरड्या, खडकाळ माथ्यांवर सालई उभी असते. अबूच्या करवंदीच्या जाळ्यांत हिरवी मुनिया आणि सह्याद्रीत ओळखीचा झालेला राखी रानकोंबडा असे दोन्ही लिहिता आले, याचे समाधान आहे. व्हाइट-नेप्ड टिट या काळ्या-पांढऱ्या छोट्या पक्ष्यासाठी अजून शोध चालू आहे; सुतारपक्ष्यांनी पोखरलेल्या ढोलीत तो घरटे करतो, म्हणून कोवळ्या बाभळींत वेळ न दवडता जुनी, ढोली असलेली झाडे पाहावीत, असे माझे मत झाले आहे.

खारट तळाचे पान मुख्यतः सांभर सरोवराचे आहे, ज्याला १९९० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. येथे झाडे जवळजवळ नाहीत, आणि तरीही लाखो पक्ष्यांना पुरेल इतके अन्न त्या उथळ, खाऱ्या पाण्यात तयार होते. छोटा रोहित (फ्लेमिंगो) सूक्ष्म नीलहरित शैवाल गाळतो, तर मोठा रोहित अधिक करून कवचधारी कीटकसदृश जीव आणि अळ्या टिपतो. दोघेही चोच उलटी धरतात, पण मोठा मान खोल घालतो आणि छोटा पृष्ठभागाजवळच चरतो, हा फरक दुर्बिणीतून लांबूनही ओळखता येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोटुलिझम या जीवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगामुळे येथे हजारो पक्षी मेले, म्हणून निश्चल किंवा मान टाकलेला पक्षी दिसल्यास त्याची नोंद करून वनखात्याला लगेच कळवावे. ताल छापर अभयारण्याचा सपाट गवताळ तळही याच पानावर ठेवला आहे. तेथे काळविटांचे कळप असतात आणि हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्या हे शिकारी पक्षी गवतात एकत्र रात्र काढायला उतरतात.

बिकानेरजवळचे जोरबीड या मांडणीत बसत नाही, आणि ते बसवण्याचा हट्टही मी धरलेला नाही. मेलेली जनावरे टाकण्याची ती जागा आहे, म्हणून गिधाडे आणि गरुड तेथे येतात. जमिनीचा प्रकार त्यात गौण आहे.

गोड्या पाण्याच्या पानावर भरतपूरचे केवलादेव आहे, आणि तेथे माझी मांडणी सर्वांत कसोटीला लागली, कारण ही पाणथळ माणसाने घडवलेली आहे. अठराव्या शतकात राजा सूरजमल यांनी अजान बांध घातला. पुढे या खोलगट भागाचे बदकांच्या शिकारीच्या तळ्यांत रूपांतर झाले, आणि १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८१ मध्ये रामसर स्थळ, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ झाले. राष्ट्रीय उद्यान होताच म्हशींची चराई बंद झाली, आणि ज्या गवताला त्या आवर घालत होत्या ते पाण्यावर पसरून उघडे पाणी कमी करू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात म्हशींचे हे स्थान स्पष्ट झाले. सायबेरियन क्रौंच येथे शेवटचे २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसले.

म्हणून या पानावर पाण्याची खोली, उघडे पाणी आणि गवताने झाकलेले पाणी असे तीन रकाने पक्ष्यांच्या आधी भरतो. पाऊस चांगला झाला आणि तळी वेळेत भरली तर पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचे आणि करढोक या पक्ष्यांची वीण लागते. पाणी उशिरा आले तर तीच झाडे रिकामी राहतात. पुढील हंगामात ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एकाच बाभळींच्या समूहाची पाणीपातळी आणि घरटी एकत्र नोंदवणार आहे. वाळूच्या पानासाठी सेवण आणि धामण या गवतांच्या कणसांचे नमुने पावसाळ्यानंतर लगेच पाहायचे आहेत, कारण फुलोरा गळून गेल्यावर गवते ओळखणे फार कठीण जाते, आणि वाळवंटी मांजराची नोंद अद्याप केवळ ठशांवर उभी आहे.