लेकीची मान

दुखणं मानेचं होतं, पण ते दिसलं पायांत. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. तिला डाऊन सिंड्रोम आहे. धावणारी पोर महिन्याभरात अडखळायला लागली, जिन्यावर कठडा सोडेना, अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं. त्यावरून मी तिला रागावलेही, ते अजून सलतं. पहिल्या डॉक्टरांनी ‘या मुलांचे स्नायू सैलच असतात’ म्हणून घरी पाठवलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिचं पाऊल झटक्यात वर दाबून धरलं. ते हातातच थडथड उडत राहिलं, थांबेचना. मज्जारज्जूवर दाब आला की असं होतं, असं त्यांनी सांगितलं. मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले. मानेचा पहिला मणका आणि दुसऱ्या मणक्याचं दातासारखं टोक यांत मुलांमध्ये 5 मिलिमीटरपर्यंत अंतर चालतं. तिचं 9 होतं. ऑपरेशन करून मणके एकमेकांना पक्के जोडायला हवे होते. शिवाय पहिल्या मणक्याची मागची कमान अर्धवट होती, स्क्रू धरायला तिथे पुरेसं हाडच नव्हतं. म्हणून जोड थेट कवटीपासून द्यायचा ठरला.

सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं: मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळपास निम्मा भाग या जागेचा असतो, तो कायमचा जाईल. मी रात्रभर आरशासमोर मान वळवून बघत बसले.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यावरूनच माहीत. मान जराही न हलवता श्वासनळीत नळी घातली, मग तिला पालथं झोपवलं. हातापायांपर्यंत संदेश पोचतात की नाही, यावर मशीनची सतत नजर होती. स्क्रू, सळया आणि तिच्याच बरगडीचा तुकडा. धातू फक्त धरून ठेवतो, खरा जोड हाडच घालतं, आणि त्याला महिने लागतात.

ते महिने हेलोत गेले. डोक्याभोवती कडं, कवटीत आठ पिना, छातीवर कडक जाकीट. लहान मुलांची कवटी पातळ, म्हणून पिना जास्त लावतात आणि कमी आवळतात. जाकिटावर समोर एक पाना चिकटवलेला असायचा. छाती दाबायची वेळ आलीच तर जाकीट उघडायला. त्या पान्याकडे बघून पहिला आठवडा मला झोप नव्हती. पिनांभोवतीची जागा मी रोज सलाईनने पुसायचे, आणि ती आठपर्यंत मोजायची. पाच नेहमी विसरायची.

बारा आठवड्यांनी सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलेलं दिसलं, हेलो निघाला. आता हाक मारली की ती खांद्यांसकट वळते. पुढे कधीही भूल द्यायची झाली तर ही मान आधी सांगायची, हे तिच्या फाइलवर मी लाल अक्षरांत लिहिलंय.

परवा तपासणीत डॉक्टरांनी पुन्हा तिचं पाऊल वर दाबलं. दोनदा उडालं आणि थांबलं.