येळवशीच्या दिवशी, कोपीमागं

येळवस, म्हणजे शेतात पूजा करून जेवायची वेळ अमावस्या. रात्रीचे पावणेअकरा.

लेकरू आत्ता झोपलं. केसांना अजून कडब्याचा वास येतोय. डोळे मिटायलेत, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय.

सकाळी सगळे शेतात गेलो. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव, बिंदगीत आंबील. भज्जी, उंडे, खीर. माझ्यापुढं आंबिलीचा पेला यायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "तिला नको, लेकराला सर्दी व्हईल." बाळंत होऊन चार महिने झाले, मी काय खावं आणि काय नाही याचा हिशोब अख्ख्या घराला पाठ आहे.

पंगत उठल्यावर जाऊबाई आणि मी कोपीमागं भांडी घासायला बसलो. घासता घासता त्यांचा हात थांबला. "तू अजून वाकडीच बसतीस गं. टाक्याचं दुखतंय का?" मग आवाज खाली आणून, "का रात्रीचं?"

मी राखेचा हात तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहिले. या घरात मला हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

ऑगस्टमध्ये माहेरी बाळंत झाले, परभणीकडं. पहिलटकरीण. नॉर्मल झालं, पण चीर घ्यावी लागली, टाके पडले. सव्वा महिना आईनं बाजेवरून हलू दिलं नाही. बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, डोक्याला फडकं, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. आईच्या हाताला तोड नाही, तिच्यामुळंच मी उभी राहिले. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ अशा ठरल्या दिवशी येऊन लेकराचं वजन करून गेल्या. मलाही विचारायच्या, ताप आहे का, अंगावरून किती जातं. पण तिथंच आई, मावशी, शेजारच्या काकू बसलेल्या. त्यांच्यासमोर याहून जास्त काय बोलणार? दीड महिन्यानं ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथं दाखवायला गेले. एका मिनिटात टाके पाहिले आणि म्हणाले, "भरलेत. आता सगळं चालेल." सगळं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अडीच महिन्यांनी सासरी आले. त्याच आठवड्यात आम्ही जवळ आलो. मलाही हवं होतं, हे खरं लिहिते. किती दिवसांनी ह्यांचा हात माझ्या हातात होता. पण असं दुखलं, की ओरखड्यावर मिरचीचा हात लागावा. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरला. हे लगेच थांबले, काही न बोलता कूस बदलून पडले. मला वाटलं, रागावले. पुढं पंधरा दिवस आम्ही लेकराचं सोडून दुसरं काही बोललो नाही. नंतर कळलं, आपल्यामुळंच टाके उसवले या भीतीनं त्यांना झोप येत नव्हती.

रात्र झाली की मला धडकी भरायची. दिवसभर लेकरू अंगाला चिकटलेलं, ब्लाऊज दुधानं ओला. त्यावर आणखी कुणाचा हात नकोच वाटायचा. तसं वाटलं की स्वतःचाच राग यायचा. आपण बायको म्हणून संपलो, असं वाटून मी न्हाणीत नळ सोडून रडले आहे.

शेवटी हेच म्हणाले, चल, दाखवून येऊ. गाडीवरून औशाला गेलो. डॉक्टरबाईंसमोर मी तीनदा "खाली दुखतं" एवढंच म्हणाले. पोट म्हणावं तर पोट नाही, टाके म्हणावं तर टाके भरलेले. त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, "संबंधाच्या वेळी?" मी मान हलवली. योनी हा शब्द मला तोंडानं काढता आला नाही, तो आज इथं लिहितेय.

तपासून झाल्यावर त्यांनी समजावलं. अंगावर पाजतो तेव्हा दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन खाली जातं. त्यानं योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, पाळी गेलेल्या बाईची होते तशी. त्यात टाक्यांचा व्रण कडक, तो ताणला की दुखतो. मन नसतं म्हणून कोरडं होतं असं काही नाही. हे ऐकलं आणि माझं रडू थांबेना.

कोरडेपणासाठी मेडिकलमधून पाण्यात विरघळणारी जेली घ्यायला सांगितली. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, तेलानं रबर फाटतं. व्रण पुरता भरलाय, तेव्हा बोटाला तेल लावून रोज हलकं चोळायचं. शिंकलं की लघवीचे थेंब जातात, तेही सांगितलं. त्यावर लघवी रोखतो तसं आवळून सैल सोडायचं, दिवसातून तीनदा. काहींचे स्नायू उलट फार आवळलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायलाच शिकावं लागतं, म्हणून तपासून मगच करायचं. घाणेरडा वास आला, ताप आला किंवा दुखणं वाढलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच यायचं. आणि ह्यांना आत बोलावून म्हणाल्या, "घाई नाही. ती म्हणेल तेव्हा." हे खाली बघत "हो मॅडम" म्हणाले. त्या दोन शब्दांनी मला फार धीर आला.

दोन आठवडे झाले. बरंच कमी आहे, पुरतं गेलं नाही.

हे सगळं मी जाऊबाईंना कोपीमागं सांगितलं. त्या ऐकत एकच पातेलं घासत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांना वर्षभर दुखलं, सांगणार कुणाला? पाळी आली नव्हती म्हणून बिनधास्त राहिल्या, आणि थोरली नऊ महिन्यांची असताना पुन्हा दिवस गेले. पाळी न बघताच. मला डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, दिवस राहू नयेत म्हणून अंगावरच्या दुधाचा भरवसा तीन गोष्टी एकत्र असतील तरच: लेकरू सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि दिवसरात्र फक्त आईचंच दूध. यातलं एक जरी सुटलं तरी दुसरा उपाय लागतो. तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतराचं इंजेक्शन आहे, छायाची गोळी आहे. माला-एन ही रोजची साधी गोळी मात्र पाजत्या बाईनं पहिले सहा महिने घेऊ नये. पुढचे दिवस राहायला किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत. यातलं एक अक्षर जाऊबाईंना दोन्ही बाळंतपणांत कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई लेकरू घेऊन आल्या. किती ऐकलं कोण जाणे. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या आणि मध्येच म्हणाल्या, "मव्हं थोरलं झालं तवा भूकंप होऊन दोन महिने झाल्ते. पत्र्याच्या शेडात तीन घरं. मधी लुगडं बांधलेलं." १९९३चं ते साल, किल्लारीचं. पुढं काही बोलल्या नाहीत. त्या लुगड्याआड त्यांनी काय सोसलं असेल, ते मला आज पहिल्यांदा डोळ्यांपुढं आलं.

निघताना जाऊबाईंनी बैलगाडीजवळ माझा दंड धरला. "सहा वर्षांनी बी बरं व्हतं का गं ते?" मी म्हटलं, विचारू.

गुरुवारी मला पुन्हा बोलावलंय. दोघी जाणार आहोत. घरी सांगितलंय, लेकराचं वजन करायचंय.